जॉन कॉनरला कोणी मारलं?

जेम्स कॅमेरॉनला रोममध्ये ताप भरला नसता तर पुढचं सगळं रामायण घडलंच नसतं. 'पिराना टू' नावाच्या एका सामान्य भयपटाच्या कामासाठी तो तिथे होता. हातात पैसा नाही, कामात मान नाही, आणि त्यात आजारपण. त्या तापात त्याला स्वप्न पडलं : स्फोटाच्या आगीतून धातूचं एक अर्धं धड सुऱ्यांच्या आधाराने स्वतःला फरफटत पुढे येतंय. उठून त्याने त्यावर पटकथा लिहिली आणि निर्माती गेल ॲन हर्डला तिचे हक्क एका डॉलरला विकले. अट एकच, दिग्दर्शन मीच करणार. अट पाळली गेली, १९८४मध्ये जेमतेम ६४ लाख डॉलरमध्ये 'द टर्मिनेटर' तयार झाला. त्या एका डॉलरच्या व्यवहाराची किंमत मात्र माझ्यासारखे प्रेक्षक पुढे पस्तीस वर्षं फेडत बसले.

पहिल्या चित्रपटाची गोष्ट वर्तुळासारखी बंद आहे. २०२९मधली यंत्रं एका मारेकऱ्याला भूतकाळात पाठवतात, कारण सारा कॉनर नावाच्या वेट्रेसला पुढे होणारा मुलगा, जॉन, त्यांना हरवणार आहे. तिला वाचवायला आलेला सैनिक काईल रीस हाच त्या मुलाचा बाप ठरतो. म्हणजे यंत्रांनी मारेकरी पाठवला नसता तर जॉन जन्मालाच आला नसता. शेवटी मेक्सिकोतल्या पेट्रोलपंपावर एक पोरगा साराचा फोटो काढतो आणि तिच्या गळ्यात मारतो. काईल भविष्यात खिशात घेऊन फिरतो तो हाच फोटो. तो काढला जाताना ती काईलचाच विचार करत होती, हे त्याला कधीच कळत नाही. एवढं एक दृश्य नीट पाहिलं की या मालिकेचा जीव कुठे आहे ते समजतं. बंदुका आणि पाठलाग हे नंतरचं.

आपल्याकडे हे चित्रपट उलटसुलट क्रमाने पोचले. माझ्या पिढीतल्या बऱ्याच जणांनी दुसरा भाग आधी पाहिला आणि पहिल्याची कॅसेट नंतर व्हिडिओ लायब्ररीतून आणली. मारेकरी यंत्र झालेला अर्नोल्ड श्वार्झनेगर तोवर घरचाच झाला होता. जिमच्या भिंतीवर मारुतीच्या तसबिरीशेजारी त्याचं पोस्टर असायचं आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. पण आमच्यातल्या वाचणाऱ्या पोरांना खरी भुरळ पाडली ती काळाच्या गुंत्याने. जयंत नारळीकरांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत'मध्ये विश्वासरावांना लागायची गोळी हुकते आणि इतिहास दुसऱ्याच वाटेने जातो, हे आम्ही वाचलेलं होतं. त्यामुळे इतिहास बदलता येतो की येत नाही, यावर आमच्या कट्ट्यावर तावातावाने भांडणं व्हायची. पहिला 'टर्मिनेटर' म्हणत होता, नाही येत. दुसऱ्याने तेच उलटं फिरवलं.

तसं पाहिलं तर 'टर्मिनेटर टू'ने (१९९१) पहिल्याशी केलेली ही गद्दारीच होती. वर्तुळ तोडलं, खलनायकाला रक्षक केलं, सुमारे दहा कोटी डॉलर उधळले. तरी एकाही भक्ताने तक्रार केली नाही. का? कारण पहिल्या चित्रपटात घडलं त्याचं ओझं तो प्रामाणिकपणे उचलतो. साराने जे पाहिलं ते लोकांना खरं सांगितलं, म्हणून ती वेड्यांच्या इस्पितळात आहे. तिथल्या कॉरिडॉरमध्ये लिफ्टचं दार उघडतं, अर्नोल्ड बाहेर येतो आणि ती घसरून पडते, पालथी-उताणी होत, ओरडत मागे पळू बघते. तो या वेळी आपल्या बाजूचा आहे हे आपल्याला ठाऊक असतं, तिला नसतं. लगेच पुढे पाऱ्यासारखा नवा मारेकरी टी-१००० गजांमधून आरपार चालत येतो. शरीर जातं, पण हातातलं पिस्तूल लोखंडी असल्यामुळे गजाला खट्कन अडकतं. तो मनगट वळवतो, पिस्तूल आडवं करून काढून घेतो आणि पुढे चालू लागतो. संगणकाची चित्रं तेव्हा नवी होती आणि सगळे त्यांच्याबद्दलच बोलत होते. मला मात्र ती लक्षात राहिली त्या अडकलेल्या पिस्तुलामुळे. कुणीतरी बसून विचार केला होता की माणूस वितळेल, पण त्याच्या हातातल्या वस्तूचं काय?

त्याहून मोठी जागा डायसनच्या घरी आहे. ज्याच्या संशोधनातून पुढे माणसांवर उलटणारं स्कायनेट जन्मणार तो हा बिचारा सज्जन इंजिनिअर रात्री टेबलाशी काम करतोय. सारा बाहेर अंधारात रायफल रोखून बसली आहे, लेझरचा लाल ठिपका त्याच्या पाठीवरून सरकतोय. पहिल्या भागात हाच लाल ठिपका तिच्या कपाळावर होता. डायसनच्या पोराची रिमोटवरची गाडी त्याच्या पायाला धडकते, तो वाकतो आणि गोळी हुकते. मग सारा घरात शिरते, बायकोपोरासमोर त्याच्यावर पिस्तूल रोखते, आणि तिच्याच्याने चाप ओढवत नाही. ती भिंतीला टेकून खाली बसते. माणसाला वाचवता वाचवता आपणच यंत्र झालो हे तिला तेव्हा कळतं आणि आपल्याला तिच्याही एक क्षण आधी. अशा जागा जमल्यावर गद्दारी माफ.

कॅमेरॉनने या चित्रपटाचा आणखी एक शेवट चित्रित केला होता. भविष्यातली बाग, म्हातारी सारा, सिनेटर झालेला जॉन आपल्या मुलीशी खेळतोय. यंत्रांनी घडवायचा प्रलय आलाच नाही. तो शेवट कापला गेला आणि त्याऐवजी रात्रीच्या रिकाम्या रस्त्याचा शॉट आला. कलेच्या दृष्टीने निर्णय योग्यच होता, बागेतला शेवट फारच गोड आहे. पण त्या मोकळ्या रस्त्यावर पुढे कुणीही आपली गाडी घातली.

कॅरोल्को ही निर्मितीसंस्था १९९५मध्ये दिवाळखोर झाली आणि 'टर्मिनेटर'चे हक्क बाजारात आले. तिथून पुढे भाऊबंदकीत सापडलेल्या वाड्यासारखी त्यांची गत झाली. जो ताबा घेईल तो आधी एखादी भिंत पाडणार, मग रंग काढणार. २००३चा तिसरा भाग कॅमेरॉनविना आला. साराला पडद्याआड ल्युकेमियाने मारलं होतं, कारण सारा साकारणाऱ्या लिंडा हॅमिल्टनने काम नाकारलं होतं. १९९७मध्ये टळलेला प्रलय टळला नव्हता, नुसता पुढे ढकलला होता, असं आता समजलं. म्हणजे दुसऱ्या भागातला डायसनचा मृत्यू आणि शेवटी उकळत्या पोलादात उतरलेला अर्नोल्ड, सगळं फुकट. तरी त्या चित्रपटाच्या शेवटच्या काही मिनिटांना मी अजून मान देतो. जॉन आणि त्याच्यासोबतची केट युद्ध थांबवायला म्हणून एका लष्करी तळघरात शिरतात आणि लक्षात येतं की थांबवण्यासारखं तिथे काहीच नाही, नुसता बंकर आहे, त्यांना जगवण्यासाठी. बाकीचा वेळ अर्नोल्ड गमतीचे गॉगल घालतो. त्याच वर्षी तो कॅलिफोर्नियाचा गव्हर्नर झाला.

२००९च्या 'सॅल्व्हेशन'बद्दल फार बोलण्यासारखं नाही. भविष्यातलं युद्ध, ज्याची झलक पहिल्या दोन भागांत हाडं गोठवायची, ते इथे भर उन्हात, धुळीत आणि भरपूर आवाजात दिसलं आणि कंटाळवाणं निघालं. हक्क घेणारी कंपनी त्याच वर्षी दिवाळखोरीत गेली, पुन्हा लिलाव. २०१५च्या 'जेनिसिस'ने तर जॉन कॉनरलाच यंत्र करून टाकलं. हा धक्का सिनेमाच्या मध्यावर बसायचा होता, तो ट्रेलरमध्येच उघडा करून ठेवला होता. १९८४ची दृश्यं हुबेहूब उभी करून त्यांत वेगळी माणसं घुसवायची, ही कल्पना कागदावर बरी वाटली असेल. मला जुन्या अल्बममधल्या फोटोंवर कुणीतरी पेनने मिशा काढल्यासारखं झालं. या सगळ्यात एकट्या 'द सारा कॉनर क्रॉनिकल्स' या मालिकेने (२००८-०९) आई-मुलाच्या नात्याकडे लक्ष दिलं, आणि ती दोन सीझनांतच बंद पाडली गेली.

म्हणून 'डार्क फेट'ची बातमी आली तेव्हा आम्ही हरखलो. कॅमेरॉन निर्माता म्हणून परत, लिंडा हॅमिल्टन परत, आणि मधले तीन भाग जमेत न धरता थेट दुसऱ्याच्या पुढची गोष्ट. इतक्या वर्षांनी मूळ मालक दारात उभा राहिला होता. नोव्हेंबर २०१९मध्ये थिएटरात पोट सुटलेल्या, केस विरळ झालेल्या मंडळींचीच गर्दी होती.

आणि सुरुवातीच्या काही मिनिटांतच जॉन मेला. १९९८, ग्वाटेमालातला समुद्रकिनारा, संगणकाने पुन्हा कोवळा केलेला तोच ओळखीचा चेहरा. अर्नोल्डच्याच रूपातला दुसरा एक टी-८०० येतो, बंदूक चालवतो, निघून जातो. दुसऱ्या भागाचे दोन तास ज्याच्यासाठी खर्च झाले तो पोरगा एका झटक्यात गेला.

मारलं म्हणून माझा राग नाही. कथा कुणालाही मारू शकते आणि या मृत्यूतून फार मोठा चित्रपट निघाला असता. राग आहे तो त्याची रिकामी झालेली जागा किती घाईने भरली याचा. जॉनच्या जागी मेक्सिकोतली डॅनी, स्कायनेटच्या जागी लीजन, काईलच्या जागी ग्रेस, टी-१०००च्या जागी रेव्ह-९. पाट्या बदलल्या, दुकान तेच. पोरगा मेल्यावर काही फरकच पडणार नसेल तर त्याला मारला कशाला?

आणि खरा चित्रपट मधेच कुठेतरी पडलेला दिसतो, म्हणून जास्त लागतं. जॉनला मारून काम संपलेला तो टी-८०० टेक्ससमध्ये कार्ल नावाने संसार थाटून बसलाय. बायको आहे, तिचा मुलगा आहे, पडद्यांचा धंदा आहे. लहान मुलीच्या खोलीला एकरंगी पडदे लावू नयेत, फुलपाखरं हवीत, हे तो इतक्या गंभीरपणे सांगतो की हसू आवरत नाही. पुढचे टर्मिनेटर कुठे उतरणार याचे निरोप साराला निनावी पाठवणारा तोच. आणि सारा? ती वीसेक वर्षं एकटी, दारू पिणारी, फोनचा माग लागू नये म्हणून तो वेफर्सच्या रिकाम्या पाकिटात ठेवणारी. मुलाचा मारेकरी आणि आई एका घरात समोरासमोर आले आहेत. त्याला पश्चात्ताप म्हणजे काय ते उशिरा कळलंय, हिला क्षमा म्हणजे काय ते विसरायला झालंय. यांना अर्धा तास बसू तरी द्या! पण नाही. मालवाहू विमान, त्यातून पडणारी गाडी, धरण, पाण्याखालची मारामारी, आणि अंधारात कोण कुणाला हाणतंय तेही दिसत नाही.

लिंडा हॅमिल्टनला यात दोष देता येणार नाही. तिच्या चेहऱ्यावर मधली सगळी वर्षं होती, पटकथेत ती नव्हती. अठरा कोटी डॉलरच्या वर खर्च झालेल्या चित्रपटाने जगभरात जेमतेम सव्वीस कोटी गोळा केले. हॉलिवूडच्या हिशेबात हा मोठा खड्डा. त्रयी काढायचा बेत तिथेच गुंडाळला गेला. पुढे कॅमेरॉनने मुलाखतीत जे सांगितलं त्याचा अर्थ असा, की म्हातारे अर्नोल्ड आणि लिंडा घेतल्यामुळे तो नव्या पोरांना आजोबांचा सिनेमा वाटला. मला हे पटत नाही. आजोबा होते म्हणून काही बिघडलं नाही. त्यांना आजोबांसारखं वागू दिलं नाही, पंचविशीतल्यांसारखं धावायला लावलं.

मूळ लेखकाला पस्तीस वर्षांनी आपले हक्क परत मागता येतात अशी अमेरिकेच्या कॉपीराइट कायद्यात सोय आहे आणि 'टर्मिनेटर'च्या बाबतीतही ती वापरली गेली. २०२४मध्ये नेटफ्लिक्सवर 'टर्मिनेटर झिरो' ही ॲनिमेटेड मालिकाही आली. १९९७च्या टोकियोत घडणारी, जुन्या कुणाच्याही वाटेला न जाणारी, आणि म्हणूनच बरी. कॅमेरॉन स्वतः नव्या 'टर्मिनेटर'वर लिहितोय, असं तोच अधूनमधून सांगत असतो. लागला की जाणार, त्याला इलाज नाही. फक्त या वेळी पहिल्या शोला कुणा धाडसी माणसाला पाठवीन आणि मध्यंतरात फोन करून विचारीन, सुरुवातीला कोण मेलं?