बर्फाखालचा मासा गळाला कसा लागतो?

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातली तळी जानेवारीत गोठलेली असतात. निदान १० सेंटिमीटर जाडीचा स्वच्छ, घट्ट बर्फ तयार झाला, की हौशी मासेमार त्यावर चालत जातात, गिरमिटाने वीतभर रुंदीचे भोक पाडतात आणि आखूड काठीने गळ खाली सोडतात. गळाला बहुधा गांडूळ किंवा कणकेची गोळी नसते, तर धातूचा एखादा रंगीत, चकाकणारा तुकडा असतो. या नकली आमिषाला तिकडे ‘लुअर’ म्हणतात. मासेमाराच्या पेटीत असे कितीतरी लुअर असतात. एवढे कशाला? भुकेल्या माशाला एकच आमिष पुरायला नको का?

उत्तर शोधण्यासाठी आधी आपण बर्फाखाली काय परिस्थिती असते ते पाहू.

पाण्याची घनता ४ अंश सेल्सियसला सर्वांत जास्त असते, हे आपण शाळेत शिकवतो. त्यामुळे हिवाळ्यात ४ अंशांच्या आसपासचे पाणी तळाशी राहते, त्याहून थंड पाणी वर येते आणि सर्वांत वर बर्फ तरंगतो. खोल तळे तळापर्यंत गोठत नाही ते यामुळेच. पण माशाचे शरीर भोवतालच्या पाण्याइतकेच थंड होते. तापमान १० अंशांनी उतरले, की अशा प्राण्यांच्या शरीरक्रियांचा वेग साधारणपणे निम्म्यावर किंवा त्याहून खाली येतो. अन्नाची गरज कमी होते आणि भक्ष्यामागे धावणे परवडत नाही. म्हणून बर्फाखाली बहुतेक माशांसाठी लहान लुअर वापरतात आणि तो हळू हलवतात.

दुसरी गोष्ट प्रकाशाची. स्वच्छ बर्फातून बराच प्रकाश खाली जातो, पण त्यावर भुरभुरीत हिम साचले, की खाली अंधारते. शिवाय स्वच्छ पाण्यात तांबडा प्रकाश सर्वांत आधी शोषला जातो. वर लालभडक दिसणारा लुअर खोलवर काळपट दिसतो. म्हणजे आपल्या डोळ्यांना काय दिसते यावरून लुअर निवडून चालत नाही. तो कोणत्या माशासाठी आहे आणि तो मासा भक्ष्य कसे शोधतो, हे आधी विचारायला हवे.

पिवळा पर्च मासा थव्याने राहतो आणि दिवसा, डोळ्यांनी पाहून खातो. त्याच्यासाठी लहान, चमकणारा, चमच्याच्या आकाराचा लुअर चालतो. तो वर उचलून सोडला, की हेलकावे घेत खाली जातो आणि त्याची चमक दुरून दिसते. संध्याकाळी पर्चची नजर मंदावते. नेमक्या त्याच वेळी त्याला खाणारा वॉलाय शिकारीला निघतो. वॉलायच्या डोळ्यात मांजराच्या डोळ्यासारखा परावर्तक थर असतो, त्यामुळे अंधुक प्रकाशातही त्याला चांगले दिसते. त्याच्यासाठी थोडा मोठा, छोट्या माशाच्या आकाराचा लुअर निवडतात. त्याची दोरी पाठीच्या मध्यावर बांधलेली असते आणि शेपटीला पंख असतो. दोरीला झटका दिला, की तो आडवा सुळकन पुढे जातो आणि वळून जागेवर येतो. हालचालीने पाण्यात उठणारे तरंग माशाला अंगाच्या दोन्ही बाजूंवरच्या पार्श्वरेखेने जाणवतात.

ब्लूगिलचे तोंड इवलेसे. तो पाण्यातले सूक्ष्म प्राणी आणि कीटकांच्या अळ्या पाण्यासकट ओढून घेतो आणि त्याआधी भक्ष्यासमोर थांबून निरखतो. त्याला मोठ्या झटक्यांचा उपयोग नाही. तिथे ज्वारीच्या दाण्याएवढा लुअर, त्यावर एखादी अळी आणि बारीकशी थरथर पुरते. रशियात अशा लुअरला ‘मोर्मिश्का’ म्हणतात. गोड्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या एका चिमुकल्या प्राण्याच्या नावावरून हा शब्द आला आहे.

बर्बटची तऱ्हा तर उलटीच. कॉड माशांच्या कुळातला हा गोड्या पाण्यातला मासा थंडीत सुस्तावत नाही. भर हिवाळ्यात, बर्फाखालीच अंडी घालतो. तो रात्री तळाशी फिरतो आणि वास व स्पर्श यांचाही आधार घेतो. त्याच्या हनुवटीवर एक मिशी असते. त्याच्यासाठी अंधारात चकाकणारा लुअर घेतात, त्यावर माशाचा तुकडा लावतात आणि तळावर हलकेच आपटतात.

लुअर भक्ष्यासारखा दिसायलाच हवा असे नाही, हे यावरून लक्षात येईल. माशाच्या ज्या इंद्रियावर त्याची भिस्त आहे, त्या इंद्रियाला पटेल अशी एखादी खूण पुरते.

निवडीचा आणखी एक भाग म्हणजे धातू. लहान लुअर चटकन खाली जावा म्हणून तो जड हवा, यासाठी पूर्वीपासून शिसे वापरतात. पण दोरी तुटून लुअर तळ्यात राहिला, तर गोष्ट हिवाळ्याबरोबर संपत नाही. उन्हाळ्यात येणारे लून पक्षी अन्न दळण्यासाठी खडे गिळतात. त्यांत शिशाचा तुकडा गेला किंवा असा लुअर अडकलेला मासा खाल्ला, तर विषबाधेने पक्षी मरतो. हंसांच्या अशाच मृत्यूंमुळे ब्रिटनमध्ये १९८७ साली गळाच्या शिशाच्या बहुतेक लहान वजनांवर बंदी आली. याला पर्याय टंगस्टनचा. शिशाची घनता ११.३, तर टंगस्टनची १९.३. तेवढ्याच वजनाचा लुअर जवळजवळ सहा-दशांश आकारमानात होतो. तो लवकर खाली जातो आणि ब्लूगिलच्या तोंडातही मावतो. तो महाग पडतो, एवढीच अडचण.

आपल्याकडे तळी गोठत नाहीत, पण शाळेतल्या मत्स्यटाकीत हाच प्रश्न विचारता येईल. काचेबाहेरून रंगीत मणी हलवा. मासे आले, तर ते डोळ्यांनी ओळखतात. मग खाद्य भिजवलेल्या पाण्याचे दोन थेंब ड्रॉपरने हळूच सोडा. मासे आले, तर वास असेल किंवा ड्रॉपरची हालचाल! म्हणून दुसऱ्या दिवशी साध्या पाण्याचे थेंबही सोडून पाहायला हवेत. हा तिसरा प्रयोग का करायचा, हे मुलांनाच सुचू द्यावे. ते सुचले, की लुअर निवडणाऱ्या मासेमाराचे अर्धे शास्त्र त्यांना कळले.