घोडकाठचे इनामगाव : एका ताम्रपाषाणयुगीन खेड्याची लोकसंख्या

भीमाशंकरच्या परिसरात सह्याद्रीवर उगम पावून पूर्वेकडे वाहत जाणारी घोड नदी ही भीमेची एक उपनदी होय. तिच्या उजव्या काठावर, पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात, इनामगाव हे लहानसे खेडे आहे. गावाजवळ नदीकाठी पांढरीची काही टेकाडे आहेत. डेक्कन कॉलेजच्या वतीने ह. धी. सांकळिया, म. के. ढवळीकर व झै. दा. अन्सारी यांनी १९६८ ते १९८३ या काळात त्यांपैकी मुख्य टेकाडाचे उत्खनन केले. त्यांत जे उजेडात आले ते राजधानी नव्हे, तीर्थक्षेत्र नव्हे, व्यापारी पेठही नव्हे. ते एक शेतकऱ्यांचे खेडे होते. कार्बन-१४ पद्धतीने मिळालेल्या कालमापनानुसार ते इ. स. पू. १६०० च्या सुमारास वसले व इ. स. पू. ७०० च्या सुमारास कायमचे उठले. या नऊशे वर्षांत तेथे किती माणसे राहत होती आणि ती कशी जगली, हा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही.

उत्खननकारांनी या वस्तीचे तीन कालखंड पाडले आहेत. पहिला माळवा संस्कृतीचा, इ. स. पू. १६०० ते १४००. दुसरा पूर्व जोर्वे, इ. स. पू. १४०० ते १०००. आणि तिसरा उत्तर जोर्वे, इ. स. पू. १००० ते ७००. प्रवरेच्या काठी संगमनेर तालुक्यात जोर्वे हे गाव आहे. तेथे १९५०-५१ मध्ये उत्खनन झाले व त्यात तांबड्या पृष्ठभागावर काळी नक्षी काढलेली विशिष्ट प्रकारची भांडी मिळाली. त्यावरून या संस्कृतीला त्या गावाचे नाव मिळाले.

गावाची भरभराट झाली ती दुसऱ्या कालखंडात. त्या काळची घरे आयताकृती असून सर्वसाधारणपणे पाच मीटर लांब व तीन मीटर रुंद होती. ठेंगण्या मातीच्या भिंती, लाकडी खांब, वर गवताचे छप्पर, आत चोपून सारवलेली भुई, एका बाजूस चूल आणि धान्याच्या कणग्या ठेवण्याच्या जागा, असा त्यांचा साधा थाट होता. घरे ओळीने बांधलेली असून दोन घरांमध्ये जाण्यायेण्यापुरती वाट सोडलेली आढळते. कुंभार, सोनार, चुना भाजणारे, हस्तिदंताचे काम करणारे यांची घरे वस्तीच्या पश्चिम कडेला, तर सुस्थितीतील शेतकऱ्यांची घरे मध्यभागी होती. मध्यभागातील एक घर पाच खोल्यांचे असून त्याला लागून धान्याचे कोठार होते. हे घर गावप्रमुखाचे असावे, असे उत्खननकारांचे मत आहे. त्याच्या अंगणात चार पायांच्या मोठ्या मातीच्या रांजणात मांडी घालून बसविलेल्या एका पुरुषाचे दफन आढळले. गावातील इतर प्रौढांची दफने याहून इतकी वेगळी आहेत की हा मनुष्य सामान्य नव्हता, एवढे निश्चित म्हणता येते.

शिरूरचा हा भाग पर्जन्यछायेचा आहे. येथे पाऊस थोडा व बेभरवशाचा. पण घोडेचा उगम सह्याद्रीच्या भरपूर पावसाच्या पट्ट्यात असल्यामुळे गावावर ढग नसतानाही नदीला पूर येतो. गावकऱ्यांनी हे हेरले होते. त्यांनी दगड व माती यांचा एक बांध घातला आणि सुमारे दोनशे मीटर लांब, चार मीटर रुंद व साडेतीन मीटर खोल असा पाट खणून पुराचे पाणी त्यात वळविले. जव हे मुख्य पीक होते; त्याच्या जोडीला गहू, मसूर, वाटाणा, वाल ही पिके घेतली जात. गहू हे पाण्याचे पीक असल्याने त्याचा व या पाटाचा संबंध उघड आहे. असला पाट एका कुटुंबाच्या हातून होत नाही. त्यामागे अनेक घरांचे एकत्रित श्रम आणि ते करवून घेणारी काही सत्ता असली पाहिजे. पाच खोल्यांचे घर, कोठार व पाट ही तिन्ही एकत्र ठेवून पाहिली म्हणजे त्या गावाची व्यवस्था अंधुकपणे का होईना, दृष्टीस पडते.

आता लोकसंख्येकडे वळू. भारतात एकाच वेळी सर्वत्र घेतलेली पहिली जनगणना १८८१ ची. त्यापूर्वीच्या खेड्यांची संख्या कागदपत्रांवरून काढावी लागते आणि कागद नसतील तेथे जमिनीवरून. पूर्व जोर्वे काळी इनामगावात सुमारे एक हजार माणसे राहत असावीत, असा उत्खननकारांचा अंदाज आहे. वस्तीचे क्षेत्र सुमारे पाच हेक्टर धरले तर हेक्टरी दोनशे माणसे, असे हे प्रमाण पडते. दाट वस्तीच्या खेड्यास ते अशक्य नाही. मात्र पाचही हेक्टरांवर एकाच वेळी घरे उभी होती, हे त्यात गृहीत धरलेले असते. चारशे वर्षांच्या अवधीत घरे पडतात, जागा ओसाड होतात, पुन्हा बांधकामे होतात. उत्खननात शेजारी शेजारी दिसणारी दोन घरे परस्परांची शेजारी असतीलच असे नाही. त्यांच्यामध्ये दोन पिढ्यांचे अंतर असू शकते.

दुसरी पद्धत घरांच्या क्षेत्रफळावरून जाणारी. अमेरिकन मानवशास्त्रज्ञ राऊल नॅरोल यांनी १९६२ मध्ये निरनिराळ्या समाजांची तुलना करून माणशी दहा चौरस मीटर छपराखालील जागा, असे स्थूल प्रमाण सुचविले. ते इनामगावास लावले तर पंधरा चौरस मीटरच्या घरात दीड माणूस राहतो! ज्याने दख्खनमधील एकखणी घर पाहिले आहे त्याला हे हिशेब पटणार नाहीत. आईबाप, तीनचार मुले, एखादी म्हातारी, शिवाय कोपऱ्यात शेळी, एवढा संसार तेवढ्या जागेत होतो. कारण तो बराचसा अंगणात होत असतो. तेव्हा घरटी पाच माणसे धरणे हेच येथे अधिक युक्त. अन्य देशांत बसविलेली प्रमाणे जशीच्या तशी उचलण्यात किती धोका असतो, याचे हे चांगले उदाहरण आहे.

तिसरे साधन म्हणजे दफने. इनामगावचे लोक मृतांना घराच्या भुईखाली अथवा अंगणात पुरीत. प्रौढाचे प्रेत उत्तरेकडे डोके करून उताणे ठेवीत आणि घोट्यांपासून पावले तोडून टाकीत. मृताने उठून चालू नये हा यामागचा हेतू असावा, असे सांगतात. पण हा केवळ तर्क आहे. लहान मुलांची प्रेते दोन कुंभांत, त्यांची तोंडे एकमेकांना भिडवून, आडवी ठेवीत. अशी दोनशेहून अधिक दफने मिळाली व त्यांत बहुसंख्य मुलांची आहेत. भारतातील अन्य कोणत्याही ताम्रपाषाणयुगीन खेड्याविषयी इतका ऐवज क्वचितच हाती आला असेल.

तरीही तो किती अपुरा आहे, हे एका साध्या गणिताने कळते. विसाव्या शतकाच्या आरंभी भारतातील मृत्युमान दर हजारी चाळीसहून अधिक होते. इनामगावात हजार माणसे होती व मृत्युमान तेवढेच होते असे धरले, तर वर्षाला चाळीस मृत्यू. म्हणजे पूर्व जोर्वेच्या चारशे वर्षांत सोळा हजार. लोकसंख्या निम्मी धरली तरी आठ हजार. हाती आलेली दफने तिन्ही कालखंड मिळून काही शेकड्यांची. उत्खनन टेकाडाच्या एका भागातच झाले, हे याचे एक कारण खरे. परंतु तेवढ्याने ही तफावत भरून निघेलसे वाटत नाही. बहुतेक प्रौढांची व्यवस्था गावाबाहेर, कदाचित नदीकाठी, अन्य प्रकारे लावली जात असली पाहिजे. घरात पुरलेली माणसे म्हणजे सारे गाव, असे समजून काढलेले निष्कर्ष त्यामुळे मुळातच लंगडे ठरतात.

मुलांच्या दफनांचे प्रमाण पाहून बालमृत्यू भयंकर होते, असा निष्कर्ष सहज काढला जातो. त्यातही एक खोच आहे. एका गावात वर्षाला तीस जन्म होतात व पाचात एक मूल वर्षाच्या आत दगावते, अशी कल्पना करावी. म्हणजे सहा अर्भके गेली. दुसऱ्या गावात जन्म पन्नास, दगावण्याचे प्रमाण तेच. तेथे दहा गेली. मोठ्यांचे मृत्यू दोन्हीकडे चौदा धरले, तर पहिल्या गावी मृतांत अर्भके शेकडा तीस आणि दुसऱ्या गावी जवळजवळ बेचाळीस. प्रत्येक मुलावरील संकट सारखेच असूनही दुसरे गाव अधिक दुर्दैवी दिसते. म्हणून दफनभूमीतील वयांचे प्रमाण मृत्युमानापेक्षा जननमानाविषयीच अधिक सांगते, असे लोकसंख्याशास्त्रज्ञांनी १९८० नंतरच्या काळात दाखवून दिले.

याला महत्त्व येते ते तिसऱ्या कालखंडामुळे. इ. स. पू. १००० च्या सुमारास गोदावरी व प्रवरा यांच्या खोऱ्यांतील जोर्वे वस्त्या ओस पडल्या. भीमेच्या खोऱ्यात मात्र काही टिकल्या व त्यांत इनामगाव होते. पण ते गाव पूर्वीचे राहिले नाही. आयताकृती घरे जाऊन त्यांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या. भांडी ओबडधोबड झाली, गव्हाचे पीक मागे पडले, शेळ्यामेंढ्यांवर व शिकारीवर भिस्त वाढली. ढवळीकरांनी याचे कारण हवामानात शोधले. पाऊस कमी झाला, अवर्षणे पडली, शेतकरी अर्धवट भटका पशुपालक बनला, असे त्यांचे प्रतिपादन आहे व ते बराच काळ सर्वमान्य होते.

ग्वेन रॉबिन्स शुग यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या प्रतिपादनास आव्हान दिले. त्यांच्या मते हा प्रदेश वस्ती होण्याच्या आधीपासूनच निमशुष्क होता, इ. स. पू. १००० च्या सुमारास आकाश एकाएकी फिरले, याला पुरावा नाही. त्यांनी आधार घेतला तो मुलांच्या अस्थींचा. १९८६ मध्ये लुकाक्स व वाळिंबे यांनी या अस्थींचा वृत्तांत प्रसिद्ध केला होता. दातांच्या वाढीवरून मुलाचे वय बऱ्यापैकी अचूक काढता येते, तर हाडांची लांबी व जाडी पोषणावर अवलंबून राहते. दोहोंची तुलना केली म्हणजे वयाच्या मानाने खुंटलेले मूल ओळखू येते. उत्तर जोर्वे काळच्या मुलांत ही खुंटलेली वाढ ठळक दिसते आणि त्याच वेळी जन्मांचे प्रमाण मोठे असल्याची चिन्हेही मिळतात. माणसे कमी झाली म्हणून मुले कमी जन्मली, असे झाले नाही. मुले पुष्कळ जन्मत होती, पण ती अशक्त होती.

हवामान की जमिनीवरील ताण, हा वाद अजून मिटलेला नाही. घोडेचा पूर सह्याद्रीच्या पावसावर अवलंबून आहे, शिरूरच्या नव्हे. तेव्हा स्थानिक अवर्षण हे एकटे कारण पुरेसे वाटत नाही. पाट गाळाने भरत असतो व तो दरवर्षी उपसावा लागतो. हजार माणसांच्या गावाला जे श्रम परवडतात ते विखुरलेल्या झोपड्यांना परवडत नाहीत, ही बाबही या चर्चेत जमेस धरली पाहिजे.

या अवनतीच्या तीनशे वर्षांत भांड्यांची घडण बदलली, घरांचा आकार बदलला, अन्न बदलले. मूल गेले म्हणजे दोन कुंभ तोंडाशी तोंड लावून झोपडीच्या भुईत पुरण्याची रीत मात्र इ. स. पू. ७०० च्या सुमारास गाव उठेपर्यंत चालू राहिली.