पहिल्या पावसाची वाट पाहणारं यंत्र

वळवाचा दमदार पाऊस झाला, की भवानीनगरच्या शिवारात दिवेलागणीला कडुनिंबाखाली उभं राहावं. ओल्या मातीतून तपकिरी भुंगेरे वर येतात, कडुनिंब-बाभळीचा पाला खातात, तिथंच त्यांच्या जोड्या जमतात आणि उजाडायच्या आत ते पुन्हा जमिनीत शिरतात. माणसं फांद्या हलवून भुंगेरे पाडतात, वेचतात आणि रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाकतात. कारण यांचीच अंडी पुढं हुमणी होऊन उसाच्या मुळाशी लागतात. शास्त्रीय नाव होलोट्रिकिया सेराटा.

माझ्या शाळकरी भाच्यानं याच भुंगेऱ्यावरून वहीत एक युद्धयंत्र काढलं होतं. सहा पाय, पाठीवर तोफा, लांबी चार मजली घराच्या उंचीएवढी. "मामा, हे खरं बनवलं तर चालेल का?" या प्रश्नावर आमची अख्खी संध्याकाळ गेली, आणि मला वाटतं ती सत्कारणी लागली.

आधी हिशेब केला. भुंगेरा दोन सेंटिमीटरचा, वजन समजा एक ग्रॅम. तो ६०० पट वाढवून १२ मीटर लांब केला, तर पायाच्या काटछेदाचं क्षेत्रफळ, म्हणजे त्याची ताकद, ६०० गुणिले ६०० अशी ३ लाख ६० हजार पट वाढते. वजन मात्र आणखी एकदा ६०० नं गुणलं जातं आणि २१६ टनांवर जातं. दहा-दहा टन ऊस भरलेल्या एकवीस ट्रॉल्या! कीटक चालताना एका बाजूचे पुढचा-मागचा आणि दुसऱ्या बाजूचा मधला असे तीनच पाय टेकवतो. म्हणजे एका पायावर ७२ टन. पहिल्याच पावलाला पाय मोडणार. आकार वाढला की वजन ताकदीपेक्षा वेगानं वाढतं, हा नियम गॅलिलिओनं १६३८ मध्येच मांडून ठेवला आहे. म्हणून आम्ही यंत्र तीन मीटरवर आणलं. वजन साडेतीन टनांच्या आत आलं आणि चालकाला आत पालथं झोपवलं.

मग कवच. भाच्याला पोलाद हवं होतं. मी त्याला कॅलिफोर्नियाच्या बाजूला सापडणाऱ्या 'आयर्नक्लॅड' भुंगेऱ्याबद्दल सांगितलं. त्याच्या अंगावरून मोटार गेली तरी तो चिरडत नाही. २०२० मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या संशोधनानुसार तो स्वतःच्या वजनाच्या सुमारे ३९ हजार पट दाब सोसतो. त्याची पाठीवरची दोन्ही झाकणं जोडकोड्याच्या तुकड्यांसारखी एकमेकांत अडकलेली असतात. दाब आला, की सांध्यातले थर थोडे थोडे सुटतात आणि एकदम तडा जात नाही. याची किंमत अशी, की त्याला उडता येत नाही. साडेतीन टनांचं आमचं यंत्र तसंही उडणार नव्हतं, म्हणून आम्ही त्याची झाकणं खुशाल सांधून टाकली. साहित्य कीटकाचंच ठेवलं. कायटिनच्या तंतूंचे थर, प्रत्येक थर खालच्यापेक्षा जरा फिरवलेला, प्लायवूडसारखा.

यंत्राचा पूर्वेतिहास रचताना मात्र खरी मजा आली, कारण हुमणीनं तो आयताच दिला. गोष्टीतल्या शत्रूनं मागच्या लढाईत माघार घेताना नीरा डाव्या कालव्याच्या कडेनं ही यंत्रं अंड्यांसारखी पेरली. ती जमिनीखाली वाढली, दोनदा कात टाकून मोठी झाली. हुमणी मुळं कुरतडते, तशी ही पाइपलाइन आणि केबली कुरतडत राहिली. हुमणी लागलेला ऊस आधी पिवळा पडतो, वाळतो आणि हातानं ओढला तर अलगद उपटून येतो, कारण खाली मूळच उरलेलं नसतं. गोष्टीतही तसंच घडतं. आधी एक मोटर बंद पडते, मग दुसरी. मग साखर कारखान्याच्या रस्त्यावरचा विजेचा खांब नुसत्या धक्क्यानं कलंडतो. वर्षभरानं वळीव येतो आणि जमीन उकलते.

"मग यांना मारायचं कसं?" भाच्यानं विचारलं. त्याचंही उत्तर शिवारातच आहे. इथले शेतकरी शेणखतात मिसळून मेटारायझियम नावाची बुरशी मातीत टाकतात. एली मेचनिकॉव्ह यांनी १८७९ मध्ये गव्हावरच्या भुंगेऱ्याच्या अळ्यांवर ही बुरशी अभ्यासली होती. तिचा बीजाणू कीटकाच्या कातडीला चिकटतो, रुजतो, विकरांनी कायटिन सैल करतो आणि दाब देत आरपार घुसतो. तोंडातून आत जायची गरजच नाही. कीड मरते, अंगावर आधी पांढरी आणि मग हिरवी भुकटी चढते. पोलादाचं कवच केलं असतं, तर हा मार्गच उरला नसता. शिवाय या बुरशीला ओल लागते, आणि यंत्रं बाहेर पडतात तीही पावसानंच.

भाच्यानं तोफा खोडल्या. पाठीवरच्या सांध्याशी हिरव्या पेन्सिलीनं एक ठिपका काढला, मग त्याच्या शेजारी दुसरा.