नोव्हेंबरातल्या मिशांचे अर्थकारण

धड मिशीही नाही आणि धड गुळगुळीत चेहराही नाही, अशा अवस्थेतील तरुण नोव्हेंबर महिन्यात ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडा येथील विद्यापीठांच्या आवारात दिसू लागतात. हा प्रकार फॅशनचा नसून निधिसंकलनाचा आहे. 'मोव्हेंबर' हे त्याचे नाव. ऑस्ट्रेलियातील बोलीत मिशीला 'मो' म्हणतात, तो नोव्हेंबरला जोडला गेला.

मेलबर्न येथे २००३ साली ट्रॅव्हिस गॅरोन व ल्यूक स्लॅटरी या मित्रांनी हद्दपार झालेली मिशी पुन्हा आणण्याची कल्पना गमतीने मांडली. तीस जण तयार झाले. त्या वर्षी मदतनिधी असा जमलाच नाही. मात्र लोक थांबून चौकशी करतात, हे लक्षात आले. पुढच्या वर्षी सुमारे साडेचारशे जणांनी ५४ हजार ऑस्ट्रेलियन डॉलर जमवून प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगाविरुद्धच्या कामासाठी दिले. २००६ मध्ये पुरुषांमधील नैराश्याचा विषयही मोहिमेत आला, तर २००७ मध्ये ती ब्रिटन व अमेरिकेत पोहोचली.

नियम सोपे आहेत. एक तारखेला गुळगुळीत दाढी करून सुरुवात करायची. महिनाभर फक्त मिशी वाढवायची. ती कल्ल्यांना भिडली की दाढी ठरते, म्हणून बाद. नावनोंदणी केलेल्याला मित्र व नातेवाईक देणगी देतात. एरवी मदतफेरीचा डबा संध्याकाळी ठेवून देता येतो. विचित्र मिशी मात्र वर्गात, खानावळीत, परीक्षेच्या मुलाखतीतही सोबत असते. देणगीदार पैसे मोजतो ते या अवघडलेपणाचे. ब्रिटिश विद्यार्थ्यांना हे नवे नाही. तेथील 'रॅग' परंपरेत चित्रविचित्र वेश करून वर्गणी गोळा करण्याची चाल जुनीच आहे.

प्रोस्टेटचा कर्करोग प्रामुख्याने उतारवयातला. विद्यार्थ्यांच्या वयात अधिक आढळतो तो वृषणाचा कर्करोग, आणि तो लवकर कळल्यास बहुधा बरा होतो. न दुखणारी गाठ लाजेपोटी लपवली जाते, तेथे मिशीवरून निघालेली गप्प बसू न देणारी चर्चा उपयोगी पडते. सरसकट तपासणीच्या आग्रहाबाबत मात्र सावधगिरी हवी. प्रोस्टेटसाठीच्या 'पीएसए' रक्तचाचणीमुळे अनावश्यक उपचार होतात, असे कारण देत अमेरिकेतील तज्ज्ञगटाने २०१२ मध्ये नियमित चाचणीविरुद्ध मत दिले. २०१८ मध्ये ५५ ते ६९ वयोगटासाठी निर्णय डॉक्टरांशी बोलून रुग्णाने घ्यावा, असा बदल केला.

महाराष्ट्रात मिशीला पीळ देणे हे रुबाबाचे लक्षण असल्याने तिच्यावर हसून कोणी देणगी देईल, हे कठीणच. येथील महाविद्यालयांत माहीत आहे तो 'नो शेव्ह नोव्हेंबर'. कर्करोगाने वडील गमावलेल्या अमेरिकेतील हिल कुटुंबाने २००९ मध्ये त्याला मदतकार्याचे रूप दिले. दाढी करायची नाही आणि वाचलेले पैसे कर्करोगाच्या कामाला द्यायचे, अशी त्यातील योजना आहे. आपल्याकडे त्यातला पहिला अर्धा भाग अधिक आवडीने पाळला जातो.