सात मिलिमीटरचं बेअरिंग

दहा हजार रुपयांच्या आत खाऱ्या पाण्यात टिकणारं स्पिनिंग रील मिळतं का, एवढंच संपादकांनी विचारलं होतं. कोकणात हा प्रश्न अनेकांच्या खिशाशी जोडलेला आहे. शिसं बांधलेला तंगूस हातात धरून गरवणारी माणसं इथल्या जेट्यांवर अजून दिसतात, आणि त्यांच्या शेजारी रॉड-रील घेतलेली पोरं उभी असतात. त्यांतला कुणी रिक्षा चालवतो, कुणी एमआयडीसीत कामाला जातो, कुणी कॉलेजात शिकतो. जिताडा किंवा तांबोशी लागली तर घरी कालवण, नाही लागली तरी संध्याकाळ समुद्रावर बरी जाते. अशा माणसाला लाखाच्या घरातल्या रिलाचं कौतुक ऐकवण्यात अर्थ नाही. चार महिने पैसे साठवून घेतलेलं रील दुसरा पावसाळा पाहतं का, हे त्याला कळायला हवं.

त्याचं उत्तर दुकानात मिळणार नाही असं मला वाटलं, कारण दुकानात प्रत्येक रील लोण्यासारखं फिरतं. म्हणून मी दुरुस्तीच्या टेबलापाशी गेलो.

या यंत्राची वंशावळ थोडक्यात सांगतो. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डचे कापड व्यावसायिक आल्फ्रेड होल्डन इलिंगवर्थ यांनी १९०५ मध्ये स्थिर स्पूलच्या रिलाचं पेटंट घेतलं. गिरणीत कांडी जागची न हलता तिच्या टोकावरून सूत सुटत जातं. तीच युक्ती त्यांनी गळाच्या दोरीला लावली. दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्सच्या मिचेल रिलांनी ही जात सामान्य माणसापर्यंत नेली. ओटो हेंझे या जर्मन स्थलांतरिताने १९३२ मध्ये फिलाडेल्फियात पेन ही कंपनी काढली आणि साठच्या दशकात तिची स्पिनफिशर रिलं आली. १९२१ मध्ये जपानमधल्या साकाई शहरात सुरू झालेली, सायकलची फ्रीव्हील बनवणारी शिमानो १९७० मध्ये रिलांकडे वळली. दायवा कंपनीने २०१६ मध्ये आपलं जुनं बीजी हे नाव नव्या रिलाला दिलं आणि ते अमेरिकेत शंभर डॉलरच्या आसपास विकायला ठेवलं. त्याच किमतीच्या आगेमागे पेनचं बॅटल होतं. दोन्हींची बॉडी धातूची. हजार डॉलरच्या वरची शिमानोची स्टेला किंवा दायवाची साल्टिगा ज्यांना परवडत नव्हती, त्यांच्या हातात समुद्राच्या लायकीचं यंत्र आलं. स्वस्त रिलांची आजची सगळी चर्चा बीजी आणि बॅटल या दोघांच्या मापाने होते.

मी ज्यांच्याकडे गेलो त्यांचं टेबल रत्नागिरीत, मिरकरवाडा बंदरापासून जवळच्या एका गल्लीत आहे. नाव छापू नका, म्हणाले. सगळी पोरं त्यांना चाचा म्हणतात, तेव्हा आपणही चाचाच म्हणू. तरुणपणी ते शिलाई मशीन दुरुस्त करत. ते काम कमी होत गेलं आणि एकदा ओळखीच्या मुलाने जाम झालेलं रील आणून ठेवलं. रीळ काय आणि रील काय, दोन्हीकडे धागा नीट गुंडाळायचा, म्हणून उघडून पाहिलं, असं ते सांगतात. आता टेबलावर पांढरं फडकं असतं, त्यावर बर्फाचा ट्रे, आणि ट्रेच्या एकेका घरात उघडण्याच्या क्रमाने स्क्रू आणि वॉशर. कागदाइतका पातळ वॉशर कोणत्या बाजूने बसला होता, हे ते वहीत लिहून ठेवतात. जपानी रिलांसाठी जपानी मापाचा स्क्रूड्रायव्हर वेगळा, कारण साध्या फुलीच्या टोकाने त्या स्क्रूची डोकी खराब होतात. त्यांचं काम बघत बसण्यात माझी दुपार गेली आणि ती फार आनंदात गेली.

माझा अंदाज होता की खाऱ्या पाण्यात आधी गिअर जात असतील. चाचांनी टेबलावरची रिलं एकेक करून माझ्या हातात दिली. बहुतेकांचे गिअर धड होते. बिघाड होता लाईन रोलरमध्ये.

बेल म्हणजे लाईन अडवणारी अर्धगोल तार. तिच्या एका टोकाला छोटी चकती असते, तोच हा रोलर. पाण्यातून आलेली लाईन या चकतीवर काटकोनात वळते आणि स्पूलवर जाते. रिलाचं बाकी सारं पोट बंद आणि ग्रीसमध्ये बुडालेलं असतं. हा रोलर मात्र उघड्यावर. त्यातून आता साध्या तंगुसाऐवजी विणलेली ब्रेडेड लाईन वापरतात. ती विणीत पाणी धरून आणते आणि नेमकी वळणावर पिळली जाते. म्हणजे प्रत्येक फेकीला समुद्राचे थेंब थेट रोलरच्या बेअरिंगवर. हे बेअरिंग सहसा बाहेरून सात मिलिमीटर, आतून चार, रुंदीला अडीच. मासा ओढत असतो तेव्हा लाईनचा सगळा ताण त्याच्यावरून वळतो.

ते जाम झालं तरी रील फिरत राहतं, आणि घात तिथेच होतो. हँडल पूर्वीसारखंच हलकं लागतं, पण रोलर थांबलेला असतो आणि लाईन एकाच जागी घासत राहते. काही दिवसांत रोलरवर बारीक खाच पडते, ती लाईनचे तंतू कापते आणि ऐन वेळी लाईन तुटते. माणूस लाईनला शिव्या देतो, महागातली लाईन आणतो, तीही तुटते. चाचांची परीक्षा सोपी आहे. तंगुसाचा तुकडा रोलरवर टाकायचा, दोन्ही टोकं आलटूनपालटून ओढायची आणि कान जवळ न्यायचा. चांगलं बेअरिंग गप्प असतं. खराब झालेलं खरखरतं. मेलेल्यात रोलर हलतच नाही, नुसता तंगूस सरकतो.

बेअरिंग स्टेनलेसचं असूनही गंजतं कसं, हे मी विचारलं. त्यांनी हाताच्या अनुभवातून सांगितलं ते धातुशास्त्राशी तंतोतंत जुळतं. बेअरिंगला कठीण पोलाद लागतं. त्यासाठी सहसा ४४० सी हे स्टेनलेस वापरतात. त्यात सुमारे एक टक्का कार्बन आणि सोळा ते अठरा टक्के क्रोमियम असतं. गंज अडवण्याचं काम क्रोमियमचं. पण त्यातला बराच भाग कार्बनशी बांधला जाऊन कठीण कण बनतात आणि राखणीला क्रोमियम कमी उरतं. मिठातलं क्लोराईड अशा कमजोर जागांतून शिरतं आणि पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढे खड्डे पाडतं. बोटींच्या सामानाला वापरतात ते ३१६ जातीचं स्टेनलेस खाऱ्या पाण्यात पुष्कळ टिकतं, पण ते गोळ्यांचा दाब सोसण्याइतकं कठीण नसतं. कठीणपणा हवा तर गंजाचा धोका पत्करावा लागतो. लाखाच्या रिलालाही हे चुकत नाही. तिथे फक्त राखण जास्त असते.

आणि मीठ चिवट. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. पाणी वाळलं, रील खुंटीला टांगलं, आता काही होत नाही, असं सगळ्यांना वाटतं. चाचा मान हलवतात. “सुकलं म्हणजे मेलं नाय.” खाण्याचं मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की हवेतलंच पाणी ओढून पुन्हा द्राव होतं. समुद्राच्या मिठातलं मॅग्नेशियम क्लोराईड तर ३३ टक्क्यांच्या आसपासच ओलं होतं. कोकणच्या पावसाळ्यात ही मर्यादा रोज ओलांडली जाते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, पुष्कळ हौशी माणसंही खवळलेल्या समुद्रापासून दूर राहतात. याच दोन महिन्यांत खुंटीवरचं रील आतून खाल्लं जातं. ॲल्युमिनियमच्या बॉडीत स्टेनलेसचे स्क्रू असतील तर दोन धातूंमध्ये खारं पाणी शिरून ॲल्युमिनियमची पांढरी पूड होते आणि स्क्रू कायमचा अडकतो. ऑगस्टमध्ये चाचांच्या टेबलावर जागा नसते.

त्यांचा इलाजही साधा. घरी आल्यावर ड्रॅगची, म्हणजे लाईनला ब्रेक लावणाऱ्या भागाची, टोपी घट्ट करायची, म्हणजे पाणी वॉशरांत शिरत नाही. मग गोड्या पाण्याची हलकी धार. जोराची नळी मारायची नाही, बादलीत बुडवायचं नाही. पुसून, ड्रॅग सैल सोडून सावलीत ठेवायचं. रोलरमध्ये पातळ तेलाऐवजी बोटीचं घट्ट ग्रीस भरायचं. रोलर थोडा जड फिरतो, पण मीठ आत जात नाही. हलकं फिरणारं रील हातात घेऊन खूश होणाऱ्या पोरांना ते हे जडपण मुद्दाम जाणवून देतात.

इतकं पाहिल्यावर माझं मत बनलं ते असं: सात-आठ हजारांच्या चांगल्या रिलाचं पोट समुद्राला पुरतं. बॉडी ताणाखाली वाकत नसेल आणि ड्रॅगमध्ये कार्बन फायबरचे वॉशर असतील, तर तांबोशीशी झुंजायला आणखी काही लागत नाही. दीड-दोन हजारांच्या रिलावर ‘१२+१ बेअरिंग’ असं मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं, त्याला भुलू नये. त्या किमतीत बारा चांगली बेअरिंग बसवणं शक्य नाही, आणि वाईट बेअरिंग जितकी जास्त तितक्या गंजायच्या जागा जास्त. हँडलच्या मुठीत बेअरिंगपेक्षा प्लास्टिकचा बुश बरा. तो गंजत तरी नाही.

मग अडचण कुठे आहे? पोट शाबूत असलेलं रीलही भंगारात जातं, तिथे. त्या टेबलावरून उठताना माझ्या मनात काळजी उरली ती याचीच.

पहिली गोष्ट पाणी अडवणाऱ्या सीलची. पेनच्या स्पिनफिशर ६ वर आयपीएक्स-५ असं मानांकन आहे, त्याच कंपनीच्या स्लॅमरवर आयपीएक्स-६. पाच आकड्याचा अर्थ असा की ६.३ मिलिमीटरच्या तोटीतून मिनिटाला साडेबारा लिटर पाण्याचा झोत मारला तरी यंत्राला इजा होऊ नये. झोत, बुडणं नव्हे. हा फरक खोक्यावर लिहिलेला नसतो. लाटेने रॉडसकट रील पाण्यात ओढलं आणि सील जुनं असेल, तर आत गेलेलं पाणी बाहेरही येत नाही. रबराचं सील हे झिजणारं सामान आहे, ते बदलावं लागतं.

दुसरी गोष्ट उलट फिरणं रोखणाऱ्या क्लचची. जुन्या रिलांत दात्यांचं चाक आणि त्याला अडवणारा कुत्रा, म्हणजे खिट्टी, असे. टक टक वाजायचं, हँडल थोडं मागे हलायचं, पण निसटत नसे. आताच्या क्लचमध्ये बारीक लाटणी पाचरीसारखी अडकतात आणि हँडल जागच्या जागी थांबतं. सुख मोठं आहे. पण या लाटण्यांना जाड ग्रीस चालत नाही. रोलरला जे तारतं ते क्लचला मारतं. एखादा मुलगा प्रेमाने सगळ्या रिलात ग्रीस भरतो, खडकावर उभा राहून गळ झटकतो, क्लच घसरतो आणि हँडल उलटं फिरून बोटांवर आदळतं. ओल्या खडकावर तेवढा झटका तोल जायला पुरेसा आहे.

सगळ्यात मोठी अडचण सुट्या भागांची. रोलरचं बेअरिंग प्रमाणित मापाचं असतं. एमआर-७४ किंवा एमआर-८५ अशा नावाने ते रिमोटवर चालणाऱ्या खेळण्यातल्या गाड्यांतही बसतं. चाचा त्यांची पाकिटं मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवरून मागवतात. म्हणजे जो भाग सर्वांत आधी जातो तो सर्वांत सहज मिळतो. पण त्याच्या शेजारचा प्लास्टिकचा बुश, बेलची स्प्रिंग, क्लचची नळी, पिनियन हे सगळं त्या त्या मॉडेलचं. कंपन्या काही वर्षांनी मॉडेल बदलतात आणि जुन्याचे भाग मिळेनासे होतात. परदेशातून मागवायचं तर भागापेक्षा टपालखर्च जास्त. बुश चाचा टेफ्लॉनच्या कांडीतून ओळखीच्या लेथवर कातून घेतात. स्प्रिंग वळून बघतात. पिनियन कुठून आणणार? त्यासाठी टेबलाखाली पत्र्याचे डबे आहेत आणि प्रत्येक डब्यात एकाच मॉडेलची मेलेली रिलं.

नवी रचना त्यांना आणखी अवघड जाणार आहे. काही रिलांत बाजूचं झाकण स्क्रूंनी न धरता स्वतःच आट्यांनी बॉडीत फिरून बसतं. त्याने आत मोठा गिअर मावतो, बॉडी ताठ राहते. यंत्र म्हणून ती सुधारणा खरी आहे. पण आट्यांत मीठ बसलं की झाकण हलत नाही, आणि उघडायला खास पाना लागतो. असं एक रील त्यांनी तेल सोडून ठेवलं होतं. उघडेल का, विचारलं तर म्हणाले, “बघू. जोर केला तर फुटंल.”

मी असतानाच एक रिक्षावाला मुलगा आला. मोबाईलवर दोन रिलांची चित्रं दाखवून त्याने विचारलं, “चाचा, यातलं कुठलं घेऊ?” चाचांनी दोन्ही बघितली आणि मोबाईल परत दिला. मग पायाने एक डबा पुढे ओढला. “हे बघ. याची तीन आहेत माझ्याकडं. हे घे, मी जगवीन.” मुलाने डब्यावरचं नाव वाचून शोधलं. ते मॉडेल कंपनीने बंद केलं होतं. मुंबईतल्या एका दुकानात जुना साठा दिसत होता, दोन नग. त्याने तिथे उभ्या उभ्याच फोन लावला.