डिस्ट्रीब्युटर बदलला म्हणजे गाडी पळणार?

जुनी पद्मिनी सांभाळणाऱ्या माणसाला हा सल्ला एकदा तरी मिळतोच : "पॉइंटवाला डिस्ट्रीब्युटर काढून टाका, इलेक्ट्रॉनिक बसवा, गाडी नव्यासारखी पळेल." सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगला असतो. त्यात तथ्यही आहे, पण सांगितलं जातं ते नाही, वेगळंच. त्यामुळे लोक पैसे खर्च करतात, गाडी होती तशीच राहते आणि दोष बिचाऱ्या नव्या भागाला मिळतो.

कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समधून १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट बाहेर पडू लागली. तिलाच पुढे १९७४ मध्ये पद्मिनी हे नाव मिळालं. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, चाळीसच्या आसपास हॉर्सपॉवर. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. आता उरल्यात त्या घरच्या, जपलेल्या. या गाड्या पुढेही चालत राहाव्यात असं मनापासून वाटतं, म्हणून हे लिहितो आहे.

आधी डिस्ट्रीब्युटर करतो काय, ते पाहू. चार्ल्स केटरिंग यांनी आखलेली बॅटरीवरची इग्निशन १९१० च्या कॅडिलॅकमध्ये आली आणि पद्मिनीत आहे ती मूळ तीच. इंजिनाच्या दोन फेऱ्यांमागे डिस्ट्रीब्युटरचा शाफ्ट एक फेरी मारतो. त्यावरचा कॅम सीबी (कॉन्टॅक्ट ब्रेकर) पॉइंट उघडतो, कॉइलमधला करंट एकदम तुटतो आणि त्या धक्क्याने कॉइलच्या दुसऱ्या वेढ्यांत हजारो व्होल्ट तयार होतात. रोटर ते उचलून ज्याची पाळी असेल त्या प्लगला देतो. म्हणजे डिस्ट्रीब्युटर ताकद तयार करत नाही. तो वेळ पाळतो आणि वाटप करतो. ताकद येते ती सिलिंडरमध्ये जळणाऱ्या पेट्रोल-हवेच्या मिश्रणातून. ठिणगीने ते पेटवलं की तिचं काम संपलं.

मग "इलेक्ट्रॉनिक बसवल्यावर पॉवर वाढते" हा समज आला कुठून? बहुतेक अमेरिकेतून. आपलं चार सिलिंडरचं इंजिन ३,००० आरपीएमवर मिनिटाला ६,००० ठिणग्या मागतं, म्हणजे सेकंदाला शंभर. दोन ठिणग्यांत दहा मिलिसेकंद मिळतात. त्यातला दोन तृतीयांश वेळ पॉइंट मिटलेले असतात आणि तेवढ्यात कॉइल व्यवस्थित भरते. आता आठ सिलिंडरचं अमेरिकन इंजिन ५,००० आरपीएमवर घ्या. तिथे सेकंदाला तीनशेच्या वर ठिणग्या लागतात, दोन ठिणग्यांत मिळतात जेमतेम तीन मिलिसेकंद. कॉइल अर्धवट भरते, पॉइंट उडतात, इंजिन मिस मारतं. त्यात धुराचे नियम कडक झाले. म्हणून जनरल मोटर्सने १९७५ च्या गाड्यांना सरसकट जास्त शक्तीची इलेक्ट्रॉनिक इग्निशन दिली. त्या इंजिनांना तिचा फायदा खरोखर झाला. पद्मिनीला मात्र ती अडचण मुळात कधी नव्हतीच. पॉइंट नीट लावलेल्या पद्मिनीत पॉइंटच्या जागी सेन्सर आणि मॉड्यूलचं इलेक्ट्रॉनिक किट बसवून हॉर्सपॉवर वाढत नाही. वाढल्यासारखी वाटली, तर आधीचे पॉइंट बिघडलेले होते एवढंच त्यातून समजावं.

"४०,००० व्होल्टची कॉइल लावा, ठिणगी जाड पडेल" हाही त्याच घरातला समज. कॉइल डब्यावर लिहिलेले व्होल्ट सतत देत नसते. प्लगची फट ओलांडायला जेवढे लागतात तेवढ्यावर व्होल्टेज चढतं आणि तिथेच ठिणगी पडते. चांगल्या प्लगला, ०.६ मिमीच्या आसपास फट असताना, साधारण दहा-बारा हजार पुरतात. बाकीची क्षमता राखीव. थंडीत चालू करताना किंवा प्लग झिजल्यावर ती उपयोगी पडते, रोज पळताना नाही.

आता सर्वांत महागात पडणारा गैरसमज : इलेक्ट्रॉनिक किट बसवलं की जुन्या डिस्ट्रीब्युटरची झीज आपोआप झाकली जाते.

कॅप काढा. रोटरही काढा. शाफ्टचं टोक दोन बोटांत धरा आणि आडवं हलवून पाहा. वर-खाली थोडा प्ले असला तर चालतो, आडवा नाही. बोटांना 'टक' जाणवली, तर खालचा बुश गेला आहे. पॉइंटची फट असते ०.४ मिमीच्या आसपास. शाफ्ट ०.१ मिमी जरी डुलला, तरी त्या फटीचा चौथा हिस्सा झाला. एका सिलिंडरला पॉइंट लवकर उघडतो, दुसऱ्याला उशिरा. म्हणजे चार सिलिंडरचं टायमिंग चार तऱ्हेचं. टायमिंग लाइट लावली की पुलीवरची खूण एका जागी थांबत नाही, थरथरत राहते. किटचा सेन्सर पॉइंटपेक्षा हा डुलका जरा जास्त सहन करतो, हे खरं. पण बुश तोच, शाफ्ट तोच, आणि त्याखाली वेगाप्रमाणे ठिणगी आधी पाडणारी अ‍ॅडव्हान्सची वजनं व स्प्रिंगाही त्याच, तीस-चाळीस वर्षांच्या. रोटर परत बसवून त्याच्या फिरण्याच्या दिशेने किंचित फिरवून सोडा. तो टुणकन मागे यायला हवा. रेंगाळला तर स्प्रिंग सैल आहे किंवा वजनं गंजून अडकली आहेत. अशा डिस्ट्रीब्युटरला आधी नवा बुश, साफसफाई आणि तेलाचे दोन थेंब लागतात. चांगल्या लेथवाल्याकडे हे काम होतं. शाफ्टच झिजला असेल, तर पूर्ण नवा डिस्ट्रीब्युटर घेणं शहाणपणाचं.

अ‍ॅडव्हान्सचं महत्त्व आकड्यांत पाहा. ठिणगी पडल्यापासून मिश्रण पूर्ण पेटायला एक-दोन मिलिसेकंद लागतात. ८०० आरपीएमवर क्रँक मिलिसेकंदाला पाच अंशांहूनही कमी फिरते, ३,००० वर अठरा अंश. म्हणून वेग वाढला की ठिणगी आधी पडावी लागते. किती आधी, हे ती वजनं आणि स्प्रिंगा ठरवतात, आणि प्रत्येक इंजिनाचं हे गणित वेगळं असतं. म्हणूनच "मापात बसतोय ना, मग कुठलाही चालेल" म्हणून दुसऱ्या गाडीचा डिस्ट्रीब्युटर बसवू नये. तो बसतो, गाडी चालूही होते, पण चढावर नॉकिंग सुरू होतं किंवा हायवेवर इंजिन तापतं. कारण कळायला महिने जातात.

बाजूला व्हॅक्यूमची डबी असेल, तर तिची नळी बंद करून टाकायची सवय काही गॅरेजमध्ये आहे. "ती नसली तरी गाडी चालते" असं सांगतात. चालते, पण पेट्रोल जास्त पिते. अर्ध्या अ‍ॅक्सिलरेटरवर, सपाट रस्त्यावर सिलिंडरमध्ये मिश्रण विरळ असतं आणि हळू जळतं. तेव्हा ही डबी ठिणगी आणखी आधी टाकते. अ‍ॅव्हरेज सुधारण्यात तिचा मोठा वाटा आहे. कार्बोरेटरकडची नळी काढा आणि तोंडाने ओढून पाहा. आतली प्लेट सरकली पाहिजे आणि ओढ धरून राहिली पाहिजे. हवा सरळ आत आली, तर डायफ्रॅम फाटला आहे.

मग किटचा खरा फायदा काय? भरवसा. काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात कशेडी घाटात आमची पद्मिनी गरम झाली की बंद पडायची. अर्धा तास थांबलं की काही झालंच नाही अशी सुरू व्हायची. गॅरेजमध्ये दोनदा कार्बोरेटर खोलला, पेट्रोल पंप बदलला. शेवटी बदलला तो पॉइंटच्या जोडीचा कंडेन्सर, बोटाच्या पेराएवढा. थंड असताना ठीक, तापल्यावर निकामी. किटमध्ये कंडेन्सर लागतच नाही. पॉइंटची टाच झिजून फट कमी होणं आणि त्यापायी टायमिंग मागे सरकत जाणं, हेही संपतं. सेट केलेलं टायमिंग टिकतं, सकाळी गाडी लवकर सुरू होते. एवढं मिळालं तरी पैसे वसूल.

पण "इलेक्ट्रॉनिक आहे, टायमिंग बघायला नको" असं मुळीच नाही. किट बसवल्यावर टायमिंग नव्याने लावावंच लागतं. गाडी सीएनजीवर असेल तर विशेष. मुंबईच्या टॅक्सी २००० नंतरच्या वर्षांत सीएनजीवर गेल्या, आणि त्या काळी "गॅसवर पिकअप नाही" ही तक्रार घरोघरी ऐकू यायची. गॅसवर काही ताकद कमी होतेच. पण मिथेन पेट्रोलपेक्षा हळू जळतो, त्याला ठिणगी काही अंश आधी हवी असते आणि फट ओलांडायला व्होल्टेजही जास्त लागतं. त्यामुळे टायमिंग थोडं पुढे घेतलं आणि प्लगची फट किंचित कमी केली, तर गेलेल्यातली बरीच ताकद परत मिळते.

किट मरतं ते बहुधा आपल्याच हातून. कॉइलचा रोध किती हवा, हे किटच्या कागदावर दिलेलं असतं. तीन ओहमची कॉइल सांगितली असताना दीड ओहमची लावली, तर दुप्पट करंट जाऊन मॉड्यूल जळतं. कॉइलआधी बॅलास्ट रोध असलेल्या गाडीत किटला पूर्ण बारा व्होल्ट मिळतात की नाही, तेही पाहावं लागतं. लाल-काळी वायर उलटी जोडली की खेळ तिथेच खलास. आणि इंजिन बंद असताना, गाणी ऐकायला म्हणा किंवा विसरून, चावी इग्निशनवर ठेवू नका. प्लगच्या वायरी रोधवाल्या घ्या, साध्या तांब्याच्या नकोत. त्यांच्या खरखरीने काही मॉड्यूलं गोंधळतात.

पॉइंट बिघडले तर रस्त्याच्या कडेला, पॉलिश पेपरचा तुकडा आणि फीलर गेज असेल तर दहा मिनिटांत गाडी हलते. मॉड्यूल गेलं, तर ते दुरुस्त होत नाही. म्हणून काढलेली पॉइंटची प्लेट, चालू स्थितीतला कंडेन्सर आणि एक जुना रोटर कापडात गुंडाळून डिकीत ठेवा, भंगारात देऊ नका. आणि किटचे पैसे मोजण्याआधी एकदा कॅप काढून शाफ्ट हलवून पाहा. तो डुलत असेल, तर पहिला खर्च बुशचा.