विश्लेषण : ‘रिमेम्बर द टायटन्स’मधला विजय खरा, पण वर्णभेदाची गोष्ट कितपत खरी?

प्रेरणादायी क्रीडापटांची कोणतीही यादी काढा, ‘रिमेम्बर द टायटन्स’ त्यात असतोच. डेन्झेल वॉशिंग्टनने साकारलेला कडक शिस्तीचा कृष्णवर्णीय प्रशिक्षक, एकमेकांचे तोंडही पाहायला तयार नसलेली गोरी आणि काळी मुले, आणि अखेरीस त्यांचा एकजीव झालेला संघ. सप्टेंबर २००० मध्ये प्रदर्शित झालेल्या या चित्रपटाने सुमारे तीन कोटी डॉलर खर्चून १३ कोटींहून अधिक डॉलर कमावले. चित्रपट सत्य घटनेवर बेतलेला आहे. मात्र, त्या सत्यातले काही महत्त्वाचे भाग पडद्यावर आलेलेच नाहीत.

१९७१ मध्ये नेमके काय घडले?

घटना अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यातल्या अलेक्झांड्रिया शहरातली. वॉशिंग्टनपासून हे शहर हाकेच्या अंतरावर आहे. शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य असल्याचा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्येच दिला होता. व्हर्जिनियाच्या राज्यकर्त्यांनी मात्र त्याविरोधात उघड मोहीम उघडली आणि १९५८ मध्ये काही ठिकाणी चक्क शाळांनाच टाळे ठोकले. अलेक्झांड्रियातील शाळा साठच्या दशकात सर्वांसाठी खुल्या झाल्या. तरीही वस्त्या वेगळ्या असल्याने कुठल्या शाळेत गोरी मुले जास्त, कुठे काळी मुले जास्त, हे चित्र कायम राहिले. त्यातच मे १९७० मध्ये एका दुकानात कृष्णवर्णीय तरुणाची गोळी घालून हत्या झाली आणि शहरात हिंसाचार उसळला.

या पार्श्वभूमीवर १९७१ मध्ये प्रशासनाने शहरातील तिन्ही हायस्कूलची फेरमांडणी केली. अकरावी-बारावीचे सगळे विद्यार्थी टी. सी. विल्यम्स या एकाच शाळेत आणि नववी-दहावीचे उरलेल्या दोन शाळांत, अशी ही विभागणी होती. चित्रपटात ही शाळा त्या वर्षी पहिल्यांदाच कृष्णवर्णीय मुलांसाठी खुली झाल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात ती १९६५ मध्ये सुरू झाली, तेव्हापासूनच तिथे दोन्ही वर्णांची मुले शिकत होती. १९७१ चा प्रश्न प्रवेशाचा नव्हता, विलीनीकरणाचा होता.

मग संघात एवढा तणाव का?

कारण सोपे आहे. काल एकमेकांविरुद्ध खेळणारे तीन संघ आज एक झाले. (इथे फुटबॉल म्हणजे अर्थातच अमेरिकन फुटबॉल, हेल्मेट आणि खांद्याला गाद्या बांधून खेळला जाणारा.) प्रत्येक जागेसाठी आता तीन-तीन दावेदार होते, आणि मुख्य प्रशिक्षकाचे पदही एकच उरले. हॅमंड शाळेचे गोरे आणि लोकप्रिय प्रशिक्षक बिल योस्ट यांना डावलून ते पद हर्मन बून या कृष्णवर्णीय प्रशिक्षकाला मिळाले. पडद्यावर बून बाहेरून आलेले दिसतात. वास्तवात ते आधीपासूनच टी. सी. विल्यम्समध्ये सहायक प्रशिक्षक होते. योस्ट सहायक म्हणून काम करायला तयार झाले आणि दोघांनी संघाला सरावासाठी गेटिसबर्ग कॉलेजला नेले. मध्यरात्री धावत रणभूमीवर जाण्याचा प्रसंग मात्र पटकथेतला.

वर्णद्वेष होता, यात शंका नाही. पण वर्णाइतकाच ‘माझी शाळा की तुझी शाळा’ हा वादही तीव्र होता. चित्रपटाने तो जवळपास गाळला आहे. पालकांना ज्या निर्णयाचा राग आला, त्याच निर्णयामुळे तीन शाळांचे सर्वोत्तम खेळाडू एका संघात आले, हेही विसरता येत नाही. मनोमीलनाच्या गोष्टीत हे साधे गणित मागे पडते.

अंतिम सामना खरेच शेवटच्या क्षणी जिंकला?

नाही. टायटन्सनी त्या मोसमातले सर्व १३ सामने जिंकले. राज्य अजिंक्यपदाच्या लढतीत त्यांनी सेलमच्या अँड्र्यू लुईस शाळेला २७-० असे लोळवले. चित्रपटातला श्वास रोखून धरायला लावणारा सामना मार्शल शाळेविरुद्धचा आहे. तो खरोखर चुरशीचा झाला होता, पण मोसमाच्या मध्यावर. चित्रपटात प्रतिस्पर्धी संघ गोऱ्या मुलांचेच दाखवले आहेत. तेही त्या काळातल्या वस्तुस्थितीला धरून नाही.

कर्णधार गेरी बर्टियरचा अपघातही पडद्यावर अंतिम सामन्याआधी घडतो. तो डिसेंबर १९७१ मध्ये, मोसम संपल्यावर झालेल्या मेजवानीनंतर झाला. म्हणजे अजिंक्यपद मिळवणाऱ्या संघात बर्टियर स्वतः मैदानावर होता. कमरेखालचे शरीर लुळे पडल्यावरही तो व्हीलचेअरवरून क्रीडास्पर्धांत उतरला. १९८१ मध्ये दुसऱ्या एका कार अपघातात त्याचा मृत्यू झाला. एवढे नाट्य वास्तवातच असताना तारखा बदलण्याची गरज काय होती, हा प्रश्न उरतोच.

चित्रपटाने काय सांगितलेच नाही?

ज्या शाळेसाठी ही मुले खेळली, तिला नाव होते थॉमस चेंबलिस विल्यम्स यांचे. अलेक्झांड्रियाचे हे माजी शिक्षण अधीक्षक शाळांच्या एकत्रीकरणाचे कट्टर विरोधक होते. मुलांच्या प्रवेशासाठीच्या खटल्यात सहभागी झाली म्हणून एका शाळेच्या स्वयंपाकघरातील कृष्णवर्णीय महिलेला त्यांनी १९५८ मध्ये कामावरून काढले होते. एकत्र आलेल्या मुलांच्या शाळेवर तेच नाव आणि जगभर गाजलेल्या चित्रपटातही तेच नाव. विल्यम्स कोण होते, हे मात्र प्रेक्षकांना कधी कळले नाही.

नाव बदलण्याची मागणी जुनीच होती. २०२० मध्ये जॉर्ज फ्लॉइड यांच्या मृत्यूनंतर तिने पुन्हा जोर धरला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये शाळा मंडळाने नाव हटवण्याचा निर्णय घेतला. योस्ट आणि बून तोवर हयात नव्हते. दोघांचेही २०१९ मध्ये निधन झाले होते. जुलै २०२१ पासून शाळा ‘अलेक्झांड्रिया सिटी हायस्कूल’ या नावाने ओळखली जाते. संघाचे नाव टायटन्सच आहे.